तळमजल्यावरचा अर्जदार

एकविसाव्या शतकात प्रवेश करण्यास नौपाड्यातील नोंद-दाखले कार्यालय सर्वतोपरी सज्ज आहे, असं परिपत्रक १९९९च्या जानेवारीत निघालं. ते टाइपरायटरवर काढलेलं होतं आणि त्याची तिसरी कार्बन प्रत भिंतीवर लावलेली असल्यामुळे 'सज्ज' हा शब्द कोणालाच नीट वाचता आला नाही.

तळमजल्यावर, जिन्याखाली, वेब सर्व्हर बसवला होता. नागरिकाने कॉम्प्युटरवर आपलं नाव टाकलं की त्याला त्याच्या नोंदीचं पान दाखवायचं, हे त्या सर्व्हरचं काम. नोंदी मात्र दुसऱ्या मजल्यावर, अभिलेख शाखेच्या डेटाबेसमध्ये, रांगा आणि रकान्यांत शिस्तीत बसलेल्या. दोघांमधली वायर कंत्राटदाराने आठवड्यात टाकून दिली होती. उरलं होतं ते एवढंच, की सर्व्हरने विचारावं आणि डेटाबेसने उत्तर द्यावं. त्यासाठी सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीने डोंबिवलीच्या उत्तम खारकरला पाठवलं होतं. तीस एप्रिलच्या उद्घाटनाला पान चाललं तर नोकरी पक्की, नाही चाललं तर रामराम, असं त्याला स्वच्छ सांगितलेलं होतं. त्याच्या आईने, विमलाबाईंनी, तो पक्का झाल्याचे पेढे बिल्डिंगमध्ये आधीच वाटून टाकले होते, त्यामुळे रामराम परवडणारा नव्हता.

उत्तम दुसऱ्या मजल्यावर गेला. अभिलेख शाखेचे हेडक्लार्क देवराम भोपी पानाला चुना लावत होते.

"भाऊ, डेटाबेसचं युजरनेम आणि पासवर्ड पाहिजे होता."

"माहिती कोणाला पाहिजे?"

"मला नाही, सर्व्हरला."

"मग सर्व्हरने अर्ज करावा. तू मध्ये कोण?"

यात उत्तमला खोट काढता येईना. त्याने नमुना 'क' आणला आणि भरला. अर्जदाराचं नाव: वेब सर्व्हर. वडिलांचं नाव: कंपनीचं. पत्ता: तळमजला, जिन्याखाली. व्यवसाय: सेवा. अर्ज पंधरा दिवसांनी परत आला. अर्जदार सदर पत्त्यावर किती वर्षं राहतो याचा पुरावा जोडलेला नव्हता आणि सही नव्हती.

"त्याला सही करता येत नाही, भाऊ."

"असं सरळ सांगायचं. निरक्षरांसाठी खाली चौकोन आहे. डाव्या हाताचा अंगठा."

अंगठ्यावर महिनाभर पत्रव्यवहार झाला. अखेर 'अर्जदार अपंग असल्याने' उत्तमने पालक म्हणून सही केली, आणि मार्चमध्ये मंजुरी आली: सदर अर्जदारास एक वेळ, एक नोंद, कार्यालयीन वेळेत पाहू द्यावी.

"एकदा नाही, भाऊ. लोक दिवसभर विचारणार. दर वेळी नव्याने दार ठोठावण्यात वेळ जातो, म्हणून पाच कनेक्शन कायम उघडी ठेवावी लागतात. काम आलं की त्यातलं एक उठतं, काम करतं, परत जागेवर येऊन बसतं."

"आणि काम नसलं की?"

"नुसती बसून असतात."

देवरामभाऊंनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत ओळख होती. "अशी पाच माझ्याकडे आहेत. आणखी पाच पाहिजेत तर पदनिर्मितीचा प्रस्ताव वर पाठवावा लागेल. रिकामं बसायला माणूस काय उगाच मिळतो?"

प्रस्ताव गेला. वरून विचारणा झाली, की ही पाच कनेक्शनं दुपारच्या जेवणाला कोणत्या वेळी सुटणार. उत्तमने 'आळीपाळीने' असं कळवलं आणि एकवीस एप्रिलला पाचही हंगामी तत्त्वावर मंजूर झाली.

राहिला पासवर्ड. तो लाखेची मोहर केलेल्या पाकिटात, साहेबांच्या लोखंडी कपाटात होता. यंत्राच्या कानात गोपनीय गोष्ट सांगायची म्हणजे दोन पंच हवेत, असं देवरामभाऊंचं म्हणणं पडलं. उत्तमने जपून सांगितलं, की लाईट जाऊन आली की सर्व्हर नव्याने सुरू होतो आणि त्याला पासवर्ड पुन्हा लागतो.

"लाईट किती वेळा जाते?"

"दिवसातून दोनदा."

"मग दोनदा पंचनामा. त्यात काय एवढं."

एकोणतीस तारखेला पाकीट पंचांसमक्ष फोडलं. आत कोरा कागद होता. पंचांनी कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, वास घेतला. देवरामभाऊ मात्र शांत होते.

"बरोबर आहे. मशीन देऊन गेला तो माणूस म्हणाला होता, पासवर्ड काहीच ठेवलेला नाही. मी ते गोपनीय म्हणून जसंच्या तसं सील केलं."

उत्तम खाली आला. पासवर्डच्या जागी काहीही न लिहिता त्याने एंटर दाबलं. जोडणी झाली. असं एकदा करून बघावं, हे चार महिन्यांत त्यालाही सुचलं नव्हतं. त्याच्याकडे मंजुरी नव्हती ना.

उद्घाटनाला पहिल्या नागरिक म्हणून कोलशेतच्या मनुबाई कोळिणीला बोलावलं होतं. नातवाच्या जन्माच्या दाखल्यासाठी ती आठ महिने खेपा घालत होती. पाहुण्यांनी बटण दाबलं. दोन सेकंदांत नातवाचं नाव, तारीख, नोंदणी क्रमांक पडद्यावर आले आणि प्रिंटरमधून दाखला बाहेर पडला. टाळ्या वाजल्या. मनुबाईने कागद घेतला नाही.

"यवऱ्या बेगीन?" ती म्हणाली. "मंग ह्यो खरा नसंल."

"आजी, खरा आहे," उत्तम म्हणाला. "कॉम्प्युटरनेच काढलाय."

"काडला आसंल. पन बगला कोनी? वरच्या भाऊंनी बगला का? आठ म्हयने जे घावत नव्हता ता दोन घटकंत घावला, म्हंजे कायतरी गडबड हाय."

मागे कुजबुज सुरू झाली. पाहुण्यांनाही क्षणभर बटणावरचं बोट मागे घ्यावंसं वाटलं. कंपनीचे मॅनेजर उत्तमकडे बघू लागले, आणि त्या बघण्यात पेढ्यांचं काय होणार ते उत्तमला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात देवरामभाऊ पुढे झाले. त्यांनी चष्मा पुसून लावला, दाखला हातात धरला, पाठीमागची कोरी बाजूही वाचली. मग म्हणाले, "आजी, सोमवारी तीननंतर या. बघून ठेवतो."

"आसा सांगा ना," मनुबाई म्हणाली आणि समाधानाने घरी गेली.

"लोकांचा विश्वास बसेल असं काहीतरी कर," मॅनेजर उत्तमला म्हणाले. "आजच."

उत्तमने संध्याकाळपर्यंत प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. कनेक्शन दोन सेकंदांत उत्तर आणायचं, सर्व्हर ते दाबून ठेवायचा आणि पडद्यावर लिहायचा: 'आपला अर्ज विचाराधीन आहे. तीन दिवसांनी चौकशी करावी.' लोक तीन दिवसांनी यायचे, दाखला घ्यायचे आणि नव्या पद्धतीचं कौतुक करत जायचे. महिनाभरात तक्रार एकच आली, ती अडीच दिवसांत उत्तर मिळाल्याची.

मेच्या अखेरीस कंपनीची ई-मेल आली: नोकरी कायम. उत्तमने ती तीनदा वाचली आणि छापून घरी नेली. विमलाबाईंनी कागद वरून खाली पाहिला.

"शिक्का कुठाय?"

"आई, ई-मेलला शिक्का नसतो गं. मीच तर हे सगळं..."

तो बोलता बोलता थांबला. त्याने कागद उलटा करून पाहिला. रात्री त्याला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून तो कंपनीच्या मुख्य ऑफिसात गेला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, शिक्का ज्यांच्याकडे असतो ते रजेवर आहेत, शुक्रवारी या.

तो शुक्रवारी गेला.