कोरियाहून निघालेला मुराळी

आमच्या शेजारचे भिकननाना लेकीचा संघ हरला की गल्लीत जिलबी वाटतात. जिंकला की दार लावून घेतात. खेळ कुठला, तर बर्फावरची हॉकी. गाव कुठलं, तर जळगाव, जिथं एप्रिलच्या दुपारी नळाच्या पाण्यात चहापत्ती टाकून बघावीशी वाटते.

नाना एस.टी.त कंडक्टर होते. सारी नोकरी धरणगाव आणि भडगावच्या गाड्यांवर झाली. नानी जाऊन काही वर्षं झाली. एकुलती एक मनीषा फिजिओथेरपी शिकली, जावयाच्या नोकरीपायी जपानला गेली आणि तिथं एका हॉकी संघात कामाला लागली. खेळाडू पडला की त्याला उभं करायचं, हे तिचं काम. जपान आणि कोरियातल्या मोजक्या संघांची ती छोटीशी स्पर्धा. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे दुपार. त्यामुळे रविवारी जेवून जरा लवंडावं तर नाना भिंतीवर टकटक करतात आणि मी टीव्हीसमोर हजर होतो.

तिथं पहिलं संकट म्हणजे कूलर बंद असतो. "समोर इतलं बरफ शे, कूलर कसाले?" असं नाना विचारतात आणि गळ्याला मफलर गुंडाळतात. मी आपला घाम पुसत बसतो.

खेळाचे नियम त्यांनी एस.टी.च्या हिशेबानं लावून घेतले आहेत. धक्काबुक्की केल्याबद्दल पंचांनी एखाद्याला बाहेर बसवलं की नाना मान डोलावतात. "बराबर शे. गाडीमझार दांडगाई करी तं खाले उतारालेच पाहिजे." दोन मिनिटांनी तोच गडी परत खेळायला आला की मात्र चिडतात. उतरवलेला प्रवासी पुन्हा गाडीत घ्यायचा, हे त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

आता जिलबीचं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि झाडाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणतात. त्यांना आणायला घरचं कुणी जातं, त्याला मुराळी म्हणायचं. आमची लेक रेखा धुळ्याला दिलेली, तिचा मुराळी मीच. सकाळच्या गाडीनं जातो, दुपारच्या गाडीनं तिला घेऊन येतो. नानांनी जपानला कोणत्या गाडीनं जावं? शिवाय मनीषाला रजा मिळते ती संघाचा हंगाम संपल्यावर. संघ आधीच बाहेर पडला तर ती आखाजीला जळगावात. अंतिम फेरीत गेला तर नानांची आखाजी याही वर्षी सुनीच.

"त्या हारतीन, तवयच मनी पोर घर ई," नानांनी मला हंगामाच्या सुरुवातीलाच समजावून सांगितलं होतं.

उपांत्य फेरीत तीन सामन्यांसाठी गाठ पडली कोरियाच्या संघाशी. त्यांच्यात सतरा नंबरचा एक आडदांड गडी होता. तो गोल करायला धावला की नाना पुढे सरकून बसायचे. "भाऊ, हाऊ मना मुराळी शे. मनी पोरले लेवाले निंघेल शे." लेकीच्या संघाविरुद्ध इतक्या मनापासून देव पाण्यात घालणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही. मुराळ्यानं पहिला सामना जिंकून दिला, तेव्हा मनीषाचा फोन आला. नाना पाक लागलेली बोटं धोतराला पुसत तिला म्हणाले, "भलतं वाईट वाटनं माय."

दुसरा सामना मनीषाच्या संघानं जिंकला. नानांचं दार दिवसभर बंद होतं. तिसऱ्यावर सगळं ठरणार होतं.

त्या रविवारी दोन्ही संघ बरोबरीत होते आणि शेवट जवळ आला होता. अचानक मनीषाच्या संघाचा गोलकीपर गुडघा धरून कोसळला. विशीतला असेल. आणि पडद्यावर मनीषा दिसली. पाठीला बॅग, साधे बूट, बर्फावर एकेक पाऊल जपून टाकत आली. ती त्याच्याजवळ बसली, गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी बोलत राहिली. नाना उभे राहिले होते.

"ऊठ रे बेटा," ते पडद्याला म्हणाले. "तिना हात लागेल शे. ऊठ."

पोरगा उठला. लोक टाळ्या वाजवू लागले, खेळाडूंनी मनीषाच्या पाठीवर थापा मारल्या. नानांनी मफलर काढून बाजूला ठेवला. आणि लगेचच सतरा नंबर काठीनं रबरी चकती ढकलत सुटला. समोर गोलकीपर सोडून कोणी नव्हतं. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो मुराळी अगदी उंबऱ्यावर आला होता.

"अडाव रे," नाना पुटपुटले. "अडाव त्याले."

पोरानं त्याच गुडघ्यावर चकती अडवली. पुढच्याच चढाईत मनीषाच्या संघानं गोल केला आणि अंतिम फेरी गाठली. नाना मटकन बसले.

थोड्या वेळानं फोन आला. मागे नुसता जल्लोष, आणि मनीषा रडवेली. "नाना, आम्ही जिंकलो. पण आता आखाजीला..."

"कसाले येस? तठे तुनं काम शे," नाना म्हणाले. "त्या पोऱ्याना गुडघा कसा शे?"

फोन ठेवल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "भाऊ, तुमनी रेखा ई ऱ्हायनी ना? तिले सांगा, झोका मना घर बांधेल शे."

आखाजीला रेखाला त्यांच्याकडे घेऊन गेलो. कडुलिंबाला नवा दोर होता, बसायला धुतलेली फळी होती. ती झोक्यावर बसली, तेव्हा नाना दारातच उभे होते. लेक माझी होती, आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

"कितला दिन ऱ्हाशी माय?" त्यांनी विचारलं.

"चारच दिवस, नाना."

"चार दिन बी बहू शेतस," नाना म्हणाले, आणि तिच्यासाठी आंब्यांचा रस काढायला आत गेले.