व्हिएतनाममधला पक्का पाया

पंचेचाळिशी ओलांडली की माणसाचे डोळे कमजोर होतात, गुडघे धरतात आणि त्याला परदेश खुणावू लागतो. पहिल्या दोन्हींवर इलाज आहे. तिसऱ्यासाठी केदारखेड्याच्या रामप्रसाद सरांनी वर्षभराची बिनपगारी रजा टाकली आणि ते इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला गेले.

सरांना इंग्रजी मराठीतून शिकवण्याचा तेवीस वर्षांचा दांडगा अनुभव होता. फक्त वर्गात पोरं उरली होती चार. (त्यात दोघे सख्खे भाऊ, एकाला ताप आला की निम्मा वर्ग गैरहजर.) बाकी गाव पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जात होतं. (सरांचा धाकटाही त्याच बसनं.) सरांना एकच हौस राहिली होती, ती भरलेल्या वर्गाची. बायको शालूबाई म्हणाल्या, "जाऊन या एकदाचे. पोरं न्हाईत म्हणून मलाच शिकवून राह्यले."

तिकडे चाळीस पोरं मिळाली. हजेरी घेतानाच सरांचा ऊर भरून आला. करार साधा होता: तीन महिन्यांनी तपासणी, पोरं इंग्रजी बोलली तर नोकरी पक्की, नाहीतर परतीचं तिकीट.

पहिल्याच तासाला गंभीर अडचण उघडकीस आली. पोरांना मराठी येत नव्हतं. आता ज्याला मराठीच येत नाही, त्याला इंग्रजी समजावून सांगायचं कोणत्या भाषेत? सरांनी शांतपणे विचार केला आणि आधी पाया पक्का करायचं ठरवलं. पहिल्या महिन्यात बाराखडी झाली. दुसरा महिना एकट्या 'ळ'नं खाल्ला (एकतीस उत्तीर्ण, नऊ प्रयत्नशील). तिसऱ्यात पोरं वाक्यं बोलू लागली. इंग्रजी चौथ्या महिन्यापासून घ्यायचं होतं.

तपासणीला आलेल्या बाईंनी इंग्रजीत नावं विचारली. चाळीसही पोरांनी सरांकडे पाहिलं. तेव्हा तिसऱ्या बाकावरची लिन्ह अदबीनं उठली.

"सर, ह्या बाई काय म्हणून राह्यल्या?"

बाईंनी वहीत शून्य लिहिलं. सरांना रडू आणि अभिमान एकदमच आले. निघताना चाळीसही पोरं फाटकापाशी उभी होती आणि 'जल्दी या, सर' म्हणत होती.

गावी परतल्यावर कळलं की ते दोघे भाऊही पिवळ्या बसमध्ये बसले. वर्गात उरले दोघे. महिन्याभरात लिन्हचं चार पानी पत्र आलं, शुद्ध मराठीत. सरांचा चष्मा नेमका भोकरदनला दुरुस्तीला गेल्ता, आणि शालूबाई माहेरी. सरांनी पत्र सातवीतल्या धाकट्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटसुलट पाहिलं आणि अक्षर छान असल्याचं सांगितलं.

"बाबा, मला एवढं वाचायला न्हाई येत."

नाइलाजानं सरांनी व्हिएतनामला फोन लावला. लिन्हनं आपलंच पत्र न अडखळता वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती, "आम्ही चाळीसही जण वर्गात येऊन राह्यलो, फक्त तुम्हीच न्हाई."

वाचकहो, हसू आलं असेल तर एक करा. ही हकिगत घरातल्या पोराच्या हातात द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. अडलं तर लाजू नका; लिन्ह संध्याकाळी मोकळी असते.