छतावरचा समुद्र

दाढ दुखायला लागली तेव्हा गादीवाल्यांनी एक छोटासा निर्णय घेतला. शहरात दातांचे इतके डॉक्टर असताना ते आपल्या साडूकडे गेले. कारण साधं होतं, साडू पैसे घेत नाहीत. (न घेतलेले पैसे ते पुढे वर्षभर चारचौघांत आठवतात, हे ठणकत्या दाढेमुळे गादीवाल्यांच्या लक्षात राहिलं नाही.)

गादीवाले म्हणजे गाद्या-उशांच्या दुकानाचे मालक. माणूस कष्टाळू, हात कसबी, पण सासुरवाडीत त्यांचं नशीब थोडं मागच्या बाकावर बसलेलं. सासूबाई पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायच्या, "हे आमचे मोठे जावई, डॉक्टर. आणि हे धाकटे." धाकटे पुढे काय, ते वाक्य सासूबाईंनी कधी पुरं केलं नाही. गादीवाले अजून त्याची वाट बघत आहेत.

तर गादीवाले साडूंच्या दवाखान्यात त्या लांबलचक खुर्चीवर आडवे झाले, आणि त्यांना छतावर समुद्र दिसला.

डॉक्टरांनी बरोबर खुर्चीच्या वर, दिव्याशेजारी, एक भलामोठा फोटो चिकटवला होता. निळंशार पाणी, पांढरी वाळू, कुठे माणूस म्हणून नाही. म्हणजे एकच माणूस होता, स्वतः डॉक्टर. आरामखुर्चीत पसरून हसत होते. दात इतके पांढरे की शेजारची वाळू मळकट वाटावी.

"दिसलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

गादीवाल्यांच्या तोंडात कापसाचे बोळे, थुंकी ओढणारी नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं होती. ते म्हणाले, "आं."

"आमचं बेट. गेल्या महिन्यात होतो ना आम्ही तिथे. म्हटलं, पेशंटला वर बघायला काहीतरी हवं. काय रिसॉर्ट आहे म्हणून सांगू. खाजगी किनारा देतात. होडीवाला सकाळी सोडून जातो, संध्याकाळी न्यायला येतो. दिवसभर चिटपाखरू नाही. जरा मोठा आ करा. मॅनेजर तर आपला दोस्तच झाला. त्याची दाढ ठणकत होती, मी बसल्या बसल्या बघून दिली. अजून फोन करतो बिचारा. दुखतंय का?"

"आं."

"छान. तुम्हाला सांगतो गादीवाले, माणसानं आयुष्यात एकदा तरी असं काही बघावं. पण तुमचं आपलं दुकान. दुकान सोडून तुम्हाला कुठलं जमायला. भरा चूळ."

गादीवाल्यांनी चूळ भरली. अर्धा चेहरा बधिर, ओठ एका बाजूला लोंबतोय, हनुवटीवरून पाणी ओघळतंय. अशा अवस्थेत माणसानं गप्प बसावं. पण पोटात जे दुखत होतं त्यावर डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नव्हतं. गादीवाले बोलून गेले, "आम्हीपण चाललोय."

"कुठे?"

गादीवाल्यांनी छताकडे बोट दाखवलं.

"असं? बोलला नाहीत कधी." डॉक्टर हसले. "कॅप बसवायला परत आल्यावर या मग. तोवर या बाजूने चावू नका."

ओठांची बधिरता उतरायच्या आत बातमी घरी पोचली होती. मेहुणीने, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, फोन केला होता. बायको दारातच उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला सांगितलंसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "सरप्राइज देणार होतात ना?"

खरं सांगायची हीच वेळ होती. गादीवाल्यांनी तोंड उघडलंही. पण लग्नानंतर प्रथमच बायको त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी ती फक्त मोठ्या सेलच्या पाटीकडे बघायची. ते म्हणाले, "हो, म्हणजे, तसंच काहीसं." दुकानाच्या नव्या टेम्पोसाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्याच आठवड्यात समुद्रात गेली.

राहिला प्रश्न आईचा. गादीवाल्यांची आई गुडघ्यांनी बेजार, एकटी ठेवण्यासारखी नाही. तोही सुटला, आणि सुटला तो असा की गादीवाल्यांना नाचावंसं वाटलं. डॉक्टरांच्या घरी रंगकाम निघालं होतं. मेहुणी म्हणाली, "वासाने डोकं उठतं माझं. आम्हीच येऊन राहतो की तुमच्याकडे. मावशींना सोबत होईल."

म्हणजे आपण बेटावर, आणि डॉक्टर आपल्या घराचे राखणदार. गादीवाल्यांनी स्वतः सगळं घर दाखवलं. गॅस कसा बंद करायचा, नळ कुठला गळतो, कुंड्यांना पाणी किती. शेवटी खिडकीतली बैठक दाखवली. ती गादी त्यांच्या हातची होती. कापूस स्वतः निवडलेला, टाके स्वतः घातलेले. दुकानातून आलं की दिव्याखाली तिच्यावर टेकायचं आणि रस्त्यावरची रहदारी बघायची, हे त्यांचं रोजचं सुख. आई मात्र त्या बैठकीला कायम नाव ठेवायची. "टोचते," म्हणायची.

"बसा हो बिनधास्त," गादीवाले डॉक्टरांना म्हणाले. मन इतकं मोठं झालं होतं.

रिसॉर्ट खरोखरच छतावरच्या फोटोसारखं निघालं. पाण्यावर उभ्या लाकडी खोल्या, जमिनीत काच, काचेखाली मासे. बायको काचेवर पालथी पडून माशांशी बोलायला लागली. गादीवाल्यांनी सामान ठेवलं आणि आधी पलंगाची गादी अंगठ्याने दाबली. मग चादर उचलून कडेची शिलाई पाहिली.

"स्प्रिंग आहे," ते समाधानाने म्हणाले. "दोन वर्षांत मध्ये खड्डा पडेल."

"अहो, मासे बघा ना."

"बघतो. आधी फोटो काढ माझा. त्या आरामखुर्चीत. पाणी सगळं आलं पाहिजे."

पोट आत ओढून, छाती बाहेर काढून, डॉक्टरांसारखंच पसरून फोटो निघाला. अडचण एवढीच की बेटावर फोनला रेंज नव्हती. ती फक्त रिसेप्शनच्या बाकावर मिळायची. गादीवाले भर उन्हात लाकडी पुलावरून तिथवर गेले, फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि उत्तराची वाट बघत बसले. शेजारी बायकोही येऊन बसली.

पहिला अंगठा आला. तो बायकोचा होता.

"तू कशाला देतेस? तू इथेच आहेस," गादीवाले म्हणाले.

"कुणीच देत नव्हतं म्हणून दिला."

दुसरं काहीच आलं नाही, कारण सगळा ग्रुप दुसऱ्या फोटोवर गर्दी करून होता. तो मेहुणीने टाकला होता. गादीवाल्यांच्याच घरात, गादीवाल्यांच्याच बैठकीवर, डॉक्टर मांडी घालून बसलेले, हातात पत्ते. समोर आई. आणि आई हसत होती, चांगली तोंडभर. खाली मेहुणीने लिहिलं होतं: 'ह्यांनी मावशींची कवळी घासून नीट बसवली. मावशी भाजलेले दाणे खातायत.'

सासूबाईंनी लिहिलं होतं, 'मोठे जावई कुठेही गेले तरी घर उजळतं.'

गादीवाल्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. आई त्या बैठकीला टेकली होती. जी टोचते, तिलाच. गेल्या कित्येक वर्षांत आपल्यासमोर आई अशी हसली होती का, हे ते आठवू लागले, आणि काही आठवेना. अंगाचा नुसता तिळपापड झाला. समोर समुद्र निळ्याचा हिरवा होत होता, वेटर नारळपाणी घेऊन आला होता, आणि हा गृहस्थ स्वतःच्या खिडकीचा हेवा करत बसला होता.

दुसऱ्या दिवशी खाजगी किनारा. होडीवाल्याने दोघांना वाळूच्या एका पट्ट्यावर उतरवलं, छत्री रोवली, खाण्याची टोपली ठेवली. चिटपाखरू नव्हतं. बायकोने सभोवार बघून लांब श्वास घेतला.

"किती शांत आहे ना," ती म्हणाली.

"पण बघणारं कुणीच नाही," गादीवाले म्हणाले. एकांतासाठी पैसे मोजून आल्यावर त्यांना एकांतातली ही खोट कळली. त्यांनी होडीवाल्याला हाक मारली. "अहो, इथे रेंज कुठे येते?"

"त्या टोकाला खडक आहे ना, त्याच्यावर येते कधीकधी. पण भरती लागायच्या आत परत फिरा. खडक पाण्यात जातो."

पहिलं वाक्य गादीवाल्यांनी ऐकलं. दुसरं बायकोने ऐकलं, पण तिला वाटलं ते त्यांनीही ऐकलंय. ती छत्रीखाली आडवी झाली आणि वाऱ्याने झोपून गेली.

खडकावर खरंच रेंज होती. गादीवाले त्याच्या माथ्यावर चढले आणि ग्रुप उघडला. नवे फोटो आले होते. डॉक्टर कुंड्यांना पाणी घालताना. डॉक्टर गळका नळ दुरुस्त करताना. (हा नळ 'उद्या बघतो' या आश्वासनावर गेली दोन वर्षं गळत होता.) गादीवाल्यांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला, एकेक शेरा वाचला, आपल्या फोटोखाली परत परत जाऊन आले. तिथे अंगठा एकच. हे करता करता पायाला ओलं लागलं. त्यांनी खाली पाहिलं. खडक नव्हता, फक्त पाणी होतं, आणि त्यात त्यांच्या घोट्यांपासून वरचे गादीवाले होते. येताना तुडवलेली वाळूही दिसेना.

गादीवाल्यांना पोहता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात वर करून बोंब ठोकली. "अगं ए! बुडतोय मी!"

लांब छत्रीखाली बायको उठून बसली. लाटांच्या आवाजात शब्द काही पोचले नाहीत. नवरा समुद्रात उभा राहून हात हलवतोय, तोंड भरून हसतोय, एवढंच तिला दिसलं. तिने आनंदाने हात हलवला. मग मोबाइल काढून, झूम करून फोटो घेतला आणि परत आडवी झाली.

पाणी गुडघ्याशी आलं. तेवढ्यात फोन वाजला. घरून व्हिडिओ कॉल होता. बैठकीवर डॉक्टर, शेजारी आई, मागे मेहुणी.

"अरे वा, पाण्यात उभे राहून फोन घेतायत," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा आवाज जरा हळवा झाला. "गादीवाले, खरं सांगू? हेवा वाटतो हो तुमचा."

पाणी मांडीला लागलं होतं, तरी गादीवाल्यांच्या छातीत काहीतरी फुललं. हेच ते वाक्य, ज्याच्यासाठी टेम्पो गेला. त्यांना ते परत ऐकायचं होतं.

"कशाचा?" त्यांनी विचारलं.

"या बैठकीचा. काय गादी केलीय. दुपारी पाठ टेकली ती संध्याकाळपर्यंत जाग नाही. इथून उठवतच नाही मला. बेटावर पंधरा उशा घेऊन झोपलो होतो, पण ही झोप नाही."

"मी म्हणतच होते," आई म्हणाली. "माझ्या मुलाच्या हातात जादू आहे." (कधी म्हणत होती, देव जाणे. निदान मुलासमोर तरी नाही.)

गादीवाल्यांना रडू यायला लागलं. मिळालं तेही आपल्याच खिडकीबद्दल, आणि त्या खिडकीत आपण नव्हतो. आता फोन छान हसून ठेवायचा, की खरं सांगायचं? फोन ठेवला तर मान राहणार होता. माणूस राहील का, हा प्रश्न होता. एक लाट कमरेवरून गेली आणि निर्णय झाला.

"डॉक्टर," ते बारीक आवाजात म्हणाले, "मला इथून काढा."

"म्हणजे?"

"मी बुडतोय. मॅनेजर तुमचा दोस्त आहे ना? त्याला फोन करा. टोकाच्या खडकावर आहे म्हणावं. लवकर."

फोन बंद झाला. पुढचा वेळ गादीवाल्यांनी मोबाइल डोक्यावर धरून, आतापर्यंत ज्यांचा ज्यांचा हेवा केला त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागत काढला. यादी डॉक्टरांपाशी सुरू होऊन डॉक्टरांपाशीच संपत होती. शेवटी धडधडत एक मोटरबोट आली. पुढे खुद्द मॅनेजर उभा.

"डॉक्टरांचा फोन आला म्हणून जेवण टाकून आलो," तो म्हणाला आणि हात दिला. "बघा, आता दोन्ही बाजूंनी चावता येतं मला."

त्यानंतर मुक्कामभर सगळं रिसॉर्ट गादीवाल्यांना एकाच नावाने ओळखू लागलं. न्याहारीला वेटर आदबीने वाकून म्हणायचा, "डॉक्टरांचे साडू, चहा की कॉफी?"

घरी परतले तेव्हा दार डॉक्टरांनीच उघडलं. नळ गळत नव्हता. कुंड्यांना फुलं आली होती. आई बैठकीवर बसून दाणे खात होती.

"आलात का?" ती म्हणाली. "इतक्यात कसे? डॉक्टर, तुम्ही राहा हो. घरचा रंग पुरता वाळू दे."

"नको, मावशी," डॉक्टर म्हणाले. "आता मालक आले. पण गादीवाले, तसलीच एक गादी मला हवी. हे बोलणं उगाच नाही हां, ऑर्डर आहे."

त्या रात्री गादीवाले बैठकीवर टेकले आणि त्यांच्या मनातलं शेवटचं किल्मिषही गेलं. माणूस चांगला आहे, त्यांना वाटलं. आपणच उगाच मनात धरलं. डॉक्टरांची गादी त्यांनी दुकानातल्या कुणाला हात लावू न देता स्वतः शिवली, आणि कॅप बसवायच्या दिवशी ती घेऊनच दवाखान्यात गेले. बाहेर पेशंटांची रांग होती. गादीवाल्यांना बघून रांगेतल्या बाई खुदकन हसल्या. शेजारच्या गृहस्थाने बाईंना कोपराने ढोसलं. गादीवाल्यांना वाटलं, गादीचं कौतुक असेल.

ते खुर्चीवर आडवे झाले. डॉक्टरांनी दिवा लावला.

छतावर तोच समुद्र होता, निळाशार. फक्त आरामखुर्ची, वाळू आणि डॉक्टर गेले होते. मधोमध एक गृहस्थ घोटाभर पाण्यात उभा होता, हात दोन्ही वर, डोळे बटाट्याएवढे, आणि तोंड पार पडजीभ दिसेपर्यंत उघडलेलं.

"तुमच्या मिसेसनीच पाठवला," डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले. "फार उपयोगी फोटो आहे हो. आधी प्रत्येकाला सांगून सांगून घसा बसायचा माझा. आता पेशंट एकदा वर बघतो आणि तोंड आपसूक उघडतं. तुमच्या मागच्या दाढा किती स्वच्छ दिसतायत बघा, लोकांना दाखवतो मी. हां, आता तुम्ही जरा मोठा आ करा."

हे सांगायची गरज नव्हती. तो केव्हाच झाला होता.