झेप्पोल्यांसकट मागणी

"झेप्पोले तळायला अक्कल लागते सावेरिया, आणि ती नेपल्सच्या खालच्या मुलखात मिळत नाही!" असं नेपल्सचा आनिएल्लो म्हणाला, ते खाली कालाब्रियात, तिच्याच घरी, तिच्याच आईचा एप्रन कमरेला बांधून!

दिवस संत जुझेप्पेचा, म्हणजे सावेरियाच्या बाबांच्या, पेप्पेकाकांच्या (पेप्पे म्हणजे जुझेप्पेच) नावाचा. काका चर्चमधून परतले की स्वतः तळलेले गोड झेप्पोले, म्हणजे कस्टर्ड लावलेले फुगीर वडे, पुढे करायचे आणि तिथल्या तिथे मुलीला मागणी घालायची, असा आनिएल्लोचा महिनाभराचा बेत. काका आजवर त्याच्याशी एकूण तीन शब्द बोलले होते. त्यातले दोन "हं" होते.

"आईनेही सकाळी झेप्पोले तळलेत, त्या फडक्याखाली. चाखून तरी बघ," सगळ्यांबरोबर चर्चला निघताना सावेरिया म्हणाली.

"मी? कालाब्रियाचे झेप्पोले? छट्!"

घर रिकामं झालं. आनिएल्लोने बाह्या सरसावल्या. कस्टर्ड तर झकास जमलं. पण पीठ! तेलात सोडलेला पहिला झेप्पोला टम्म फुगला आणि बाहेर काढताच बसला. दुसराही बसला. वीस झाले तोवर सगळे पंगतीला बसल्यासारखे ओळीने बसले होते! आच वाढवली तर करपले, कमी केली तर तेल प्यायले. तेवढ्यात प्रार्थना संपल्याची घंटा वाजली.

"मेलो!" म्हणत तो गर्रकन फिरला, तर समोर फडकं. खाली झेप्पोले, सोनेरी आणि गुबगुबीत! देवानेच पाठवले! आपला लगदा त्याने कोंबड्यांपुढे टाकला (त्यांनीही एकदा बघून पाठ फिरवली) आणि सावेरियाच्या आईच्या, मिम्माकाकूंच्या, प्रत्येक झेप्पोल्यावर कस्टर्डचा तुरा, वर काळी चेरी, वर पिठीसाखर! चाखायला वेळ कुठला? आणि चाखायचं काय त्यात? झेप्पोला म्हणजे गोडच!

नेपल्समध्ये गोडच हो. मिम्माकाकूंच्या घरात मात्र झेप्पोल्याच्या पोटात खारवलेली मांदेली असते.

दारातच त्याने ताट पुढे केलं. काकूंनी आधी ताट ओळखलं, मग ताटातलंही ओळखलं. पण त्या तोंड उघडणार, तोवर काकांनी अर्धा झेप्पोला तोंडात घातला होता!

काकांचा जबडा थांबला. मिशा थरथरल्या. हातातल्या अर्ध्या तुकड्यातून मांदेलीची शेपटी बाहेर आली, कस्टर्डने माखलेली.

"हे तू तळलेस?" पहिलं अख्खं वाक्य!

"हो काका! अगदी मनापासून!"

"आणि आतली मांदेलीही तूच भरलीस?"

"मांदेली?"

सावेरियाने कपाळावर हात मारून घेतला.

"काका, माझे बसले हो! सगळेच्या सगळे बसले, कोंबड्यांना विचारा! हे काकूंचे आहेत. पण सावेरियाशी लग्न करायचंय मला, ते काही खोटं नाही."

काकांनी ताट त्याच्यापुढे सरकवलं. "खा."

आनिएल्लोने खाल्ला. चेरीसकट, साखरेसकट, शेपटीसकट. डोळ्यांत पाणी आलं.

"कसा आहे?"

"फा... फारच छान!"

"मग घे आणखी."

चार झाले. पाचव्याला हात घातला, तसं काकांनी त्याचं मनगट धरलं. "पुरे रे पोरा. मिम्मा, हा खपेल आपल्याकडे! तुझ्या भावाचं बोलणं गिळायचं तर घसा असाच हवा."

"माझ्या भावाला काय झालंय?" काकू कडाडल्या. पण हसू काही दाबता आलं नाही त्यांना. सावेरियाने तर सगळ्यांदेखत त्याच्या साखर लागलेल्या गालाचा मुका घेतला.

संध्याकाळी नेपल्सहून आईचा फोन. "काय रे, होकार मिळाला?"

"मिळाला गं, आई!"

"आणि आपले झेप्पोले? आवडले ना त्यांना?"

आनिएल्लोने पाण्याचा नववा पेला रिकामा केला. "आवडले की! पुढच्या वर्षी फक्त मीठ जरा बेताने घालीन म्हणतो."