रिलीज मागायचं राहिलं

आमच्या तातूकाकांनी देवाकडे आजवर एकही गोष्ट मोघम मागितलेली नाही.

एखाद्याची म्हैस हरवली तर तुम्ही-आम्ही म्हणू, "देवा, म्हस गावंदे." तातूकाका म्हणतात, "सदर म्हस, वर्णान काळी, डाव्या शिंगाचो टवको उडालेलो, शेपटेक पांढरो गोंडो, ती जित्ती आणि धडधाकट, उद्या दूध काढूच्या वेळेपर्यंत स्वतःच्या गोठ्यात हजर होवंदे म्हाराजा!" कारण नुसती म्हैस मागितली आणि देवाने भलत्याचीच आणून उभी केली, तर निस्तरायचं कोणी?

देवबागात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. देवापुढे उभं राहून दुसऱ्याच्या वतीने मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. होडी पाण्यात घालायची असो, पोराची परीक्षा असो की बोअर मारायची असो, तातूकाकांशिवाय पान हलत नाही. त्यात ते तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे आमच्या गावचं गाऱ्हाणं हे अर्धं गाऱ्हाणं आणि अर्धा अर्ज असतो.

त्यांचं घर आमच्या दगडी गडग्याला लागून. मी या घरात सून म्हणून आले त्याला तीस वर्षं झाली. आमचं चार खोल्यांचं होम-स्टे आहे. एका मोसमात पाहुणेच फिरकेनात, म्हणून मी तातूकाकांना न विचारता देवळात गेले आणि परस्पर "गिऱ्हाईक येवंदे" म्हणून आले. तिसऱ्या दिवशी चौदा माणसं आली. चौदाच्या चौदा शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा न खाणारी! फ्रीज सुरमईने भरलेला आणि मी दुधी भोपळा शोधत मालवणचा बाजार पालथा घालतेय. तातूकाका गडग्यावर हात ठेवून शांतपणे म्हणाले, "गो सुमन, तू गिऱ्हाईक मागलंस. मासे खाणारा गिऱ्हाईक मागूक नाय. देवाची काय चूक?" असा संताप आला होता!

माणूस सडाफटिंग. लग्न का नाही केलं, असं कोणी विचारलं तर म्हणतात, "अर्ज केल्लंय. नामंजूर झालो." आम्ही हसतो, तेही हसतात, विषय संपतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. गाऱ्हाणं संपता संपता त्यांचा आवाज खाली उतरतो. ओठ हलताना दिसतात, पण ऐकू काही येत नाही. आम्ही आपले सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणून प्रसादाला हात पुढे करतो. मी एकदा विचारलं होतं, "काकानू, शेवटाक काय पुटपुटतास?" तर म्हणाले, "ता कार्यालयीन गोपनीय आसा."

तर अशा या माणसाच्या आयुष्यात पिक्चर आला.

आधी नुसती कुजबुज होती. देवबागात पिक्चरचं शूटिंग होणार, प्रेमाचा आणि विनोदी असा पिक्चर आहे, हिरोईन हेलिकॉप्टरने वाळूवर उतरणार, हिरो खाडीत पोहायला शिकतोय. तातूकाकांनी लगेच नाडीची फाईल काढली आणि आत तीन भाग पाडले: ऐकीव, विश्वसनीय, पक्की. हेलिकॉप्टर ऐकीवमध्ये गेलं ते तिथेच राहिलं. युनिटच्या माणसाने आमच्या चारही खोल्या बुक केल्या तेव्हा मात्र ते स्वतः येऊन पावती बघून गेले, आणि पिक्चर पक्कीमध्ये गेला.

डायरेक्टर म्हणजे ईशा नावाची तिशीच्या आतली मुलगी. सतत घाईत, नखं कुरतडणारी, पण गोड. हा तिचा पहिलाच पिक्चर. मुहूर्ताला गाऱ्हाणं घालायला तिने तातूकाकांना बोलावलं, आणि तिच्या साउंडवाल्याने त्यांच्या सदऱ्याला बटणाएवढा माईक अडकवला. काकांनी तो वरून-खालून पाहिला. "मोडलो तर जबाबदार कोण?" एवढं विचारून घेतलं आणि सुरू झाले.

काय ते गाऱ्हाणं! "कॅमेरो खाडयेत पडाचो नाय, जनरेटर बंद पडाचो नाय, हिरोचा प्वाट आमच्या तिकल्यान बिघडाचा नाय, हिरोईनीक उन्हान काळवंडाक होवचा नाय, आणि सदर शूटिंग ठरल्या मुदतीत, निर्विघ्न पार पडंदे म्हाराजा!" मुंबईची ती सगळी गॉगलवाली पोरं तिसऱ्या मागण्यापासून आमच्यापेक्षा मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणू लागली. शेवटी आवाज नेहमीसारखा उतरला, ओठ हलले, आम्ही हुंकार दिला, नारळ फुटला.

आणि शूटिंग झालं हो! दोन दिवस आधीच संपलं. हिरोने माझ्या हातचं माशाचं तिकलं तिसऱ्यांदा मागून खाल्लं आणि ढेकर दिला. लग्नाच्या सीनमध्ये तातूकाका फेटा बांधून दिवसभर मांडवात बसले होते. जाताना ईशा त्यांच्या पाया पडली. काका आठवडाभर ताठ मानेने फिरत होते.

त्यानंतर सहा महिने गेले, वर्ष गेलं, पिक्चरचं नाव नाही. कोणी म्हणे हिरो-हिरोईनचं फाटलं, कोणी म्हणे पिक्चर डब्यात गेला. नाव तेवढं दोनदा बदललं. काकांची ऐकीवची बाजू फुगत चालली, पक्कीत एक कागद येईना.

एका सकाळी मी भाकऱ्या भाजत होते. तातूकाका मागच्या दाराने आत आले. तोंड पांढरंफटक.

"सुमन, चूक झाली. भयंकर चूक झाली."

"काय झाला?"

"मी शूटिंग मागलंय. रिलीज मागाक इसारलंय."

मला हसू फुटलं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीस वर्षांच्या नोकरीत ज्याच्या अर्जात साहेबाला एक त्रुटी सापडली नाही, त्याने भर मुहूर्ताला मुख्य मागणीच गाळली होती. "त्या पोरीचो पयलो पिक्चर, गो. माज्या तोंडान अडाकलो. तो सुटासर दुसऱ्या कोणाचा गाऱ्हाणा घालूक माका अधिकार नाय."

आणि खरंच थांबले. पुढे अख्खा मोसम देवबागात गाऱ्हाणं झालं नाही. होड्या पाण्यात गेल्या त्या नुसत्या नारळावर. लोकांनी विनवण्या केल्या, थोडे चिडलेही. मीही रागावले, "अहो, एका पिक्चरसाठी गावाक कित्याक धरून ठेवतास?" त्या वर्षात माणूस निम्मा झाला. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसायचे, पण आत तोंड उघडायचे नाहीत. मला तेव्हा वाटलं, हा निव्वळ हट्टीपणा आहे.

शेवटी मीच म्हटलं, "मग पुरवणी अर्ज करा."

"अर्जदार समक्ष व्हयो. पोर मुंबयत."

मी ईशाला व्हिडिओ कॉल लावला. बिचारीने फोन उचलला आणि काका दिसताच रडायलाच लागली. पिक्चर तयार आहे, पण लावायला कोणी पुढे येत नाही, सगळे दारातून परत पाठवतात, म्हणाली. मोबाईलवरची हजेरी समक्ष धरावी की नाही, यावर काकांनी पाच मिनिटं विचार केला आणि परवानगी दिली. मग मी देवळात मोबाईल देवाकडे तोंड करून धरला, आणि तातूकाकांनी पुरवणी घातली: "'सोलकढी आणि ती' उर्फ 'किनारा तुझा' उर्फ 'होडीतलं लगीन', ह्यो एकच पिक्चर असा समजान, मोठ्या थेटरात, मोठ्या पडद्यार, माणसा बघूक येतली अशा वाराक रिलीज होवंदे म्हाराजा!" मोबाईलमधून रडका आवाज आला, "व्हय म्हाराजा."

दोन महिन्यांनी तारीख जाहीर झाली. मी आपलं जे झालं ते सांगतेय. ईशाचा फोन आला, "काका, तुमचं मुहूर्ताचं गाऱ्हाणं पिक्चरमध्ये ठेवू का?" काका ऐटीत म्हणाले, "ठेव. हरकत नाय." त्यांना वाटलं जनरेटर आणि हिरोच्या पोटाचा भाग असेल.

पिक्चर लागला आणि पहिल्याच रविवारी दोन गाड्या भरून आम्ही कुडाळच्या थेटरात गेलो. काकांनी इस्त्रीचा सदरा घातलेला, काखेत फाईल. पडद्यावर आपली खाडी दिसली तेव्हा आमच्या रांगेने शिट्ट्या मारल्या. माझं अंगण दिसलं तेव्हा तर मी उभीच राहिले, मागच्याने खाली बसवलं. पण लग्नाच्या सीनमध्ये काका कुठेच नव्हते. कापले होते. "शिरा पडली तेच्या कात्रीर!" आमचे हे मोठ्याने म्हणाले. तातूकाकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असूंदे रे. लागलो मा पिक्चर? बस झाला."

मग तो प्रसंग आला. हिरोईन रुसून मुंबईला निघून गेलेली. हिरो एकटाच होडीत बसलेला. गाणं थांबलं, सगळं शांत झालं, आणि थेटरभर तातूकाकांचा आवाज आला. नेहमीचा खणखणीत नव्हे, खाली उतरलेला. त्या बटणाएवढ्या माईकने आम्हाला कधी ऐकू न आलेलं सगळं टिपलं होतं.

"आणि शेवटचा मागणा, म्हाराजा, नेहमीचाच. ती धामापूरची, जंय आसात थंय सुखी रवंदे. माजो अर्ज तू नामंजूर केलंस, तेची तक्रार नाय. तिका काय कमी करू नको. तिच्या वाटचा दुख आसात, ता माज्या नावार वर्ग कर."

मी आल्यापासूनची तीस वर्षं तरी! कोणाच्या म्हशीमागे, कोणाच्या होडीमागे, माझ्या पोराच्या दहावीमागे हा माणूस हेच मागत होता, आणि आम्ही न ऐकता हो म्हणत होतो. आणि मागचं वर्षभर त्याला तेवढंही मागता आलं नव्हतं. मी त्याला हट्टी समजले होते.

मग मागून कोणीतरी, आमच्या गावचा नव्हे, कुडाळचाच कोणी असेल, म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग सगळं थेटर म्हणालं. तातूकाका समोर बघत होते, फाईल छातीशी धरलेली. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." हुंकार देणाऱ्यांत ते आयुष्यात पहिल्यांदाच बसले होते. हा माणूस माझा शेजारी आहे, याचा मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या अंगणाचाही वाटला नव्हता.

आमचं गाव म्हणजे कोणाच्या घरी काय शिजलं हे विचारल्याशिवाय झोपणार नाही. पण परतीच्या वाटेवर, आणि त्यानंतर आजपर्यंत, ती धामापूरची कोण हे कोणीही विचारलेलं नाही. गाडीतून उतरताना काका एवढंच म्हणाले, "चला, फाईल बंद."

चौथ्या दिवशी शेजारच्या तांडेलांची नवी होडी पाण्यात जायची होती. तातूकाका सकाळीच अंघोळ करून हजर. इंजिन, जाळी, वारा, सगळ्याची कलमवार मागणी झाली. मग आवाज उतरला, मान खाली गेली, ओठ हलू लागले. आम्ही कोणी कोणाशी ठरवलं नव्हतं. पण ओठ थांबले तसे किनाऱ्यावरच्या बाया, पुरुष, पोरंटोरं सगळी जीव खाऊन ओरडली, "व्हय म्हाराजा!" माडावरचे कावळे उडाले.

तातूकाकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि आमच्यावर डोळे वटारले.

"इतक्या मोठ्यान कित्याक वरडतास? देव बहिरो नाय आसा."