खंडेनवमीची जाकिटं

सावित्री नदीच्या काठी, तुडीलच्या अलीकडे आमची जेट्टी आहे आणि तिथला सुरक्षा अधिकारी मी! माझ्या लाइफ जॅकेटांवर सहा वर्षांत पाण्याचा एक थेंब उडालेला नाही. दाखवा असा दुसरा माणूस अख्ख्या महाड तालुक्यात!

बार्जवरचा खलाशी गोमाजी मात्र माझं डोकं खायचा. आंबेनळीच्या डोंगरातला माणूस, पोहता येत नाही. दर सोमवारी दारात उभा.

"सायेब, येक जाकीट द्या की!"

"तपासणी होऊ दे रे! मळलं तर साहेबांना काय दाखवू?"

"पन मी पडलो तर?"

"पडायचं कशाला?"

यंदा तपासणी नेमकी खंडेनवमीला आली. म्हटलं, झकास! त्या दिवशी सगळीकडे अवजारं पूजेला बसतात, मग आपली सुरक्षेची साधनं का नकोत? ऑफिसात पाटांवर बाराही जॅकेटं मांडली. प्रत्येकाला हळद-कुंकू, प्रत्येकाला झेंडूची माळ घट्ट बांधलेली, पुढे समई. तपासणीचे साहेब तर बूट काढून आत आले!

"वा! एकदम कोरी!"

माझी छाती फुगली. मग साहेब बूट घालून बार्ज बघायला निघाले. ते बूट भिजू नयेत म्हणून गोमाजी फळी टाकायला धावला. फळी सरकली आणि गोमाजी धप्पकन पाण्यात! त्यात भरतीची वेळ.

"जाकीट आना रे!" बार्ज चालवणारा तांडेल अर्शद ओरडला. दोन खलाशी ऑफिसकडे पळाले. आणि मी, सांगायला लाज वाटते, दारात हात पसरून उभा राहिलो.

"थांबा! आरती व्हायचीय! मांडलेली पूजा हलवायची नाही!"

"अवो, मानूस बुडतोय!"

"मग निदान माळा तरी नीट सोडा!"

ते गाठी सोडतायत तोवर अर्शदने डिझेलचा रिकामा कॅन पाण्यात फेकला. गोमाजीने त्याला मिठी मारली. वर ओढला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, आणि खोकत खोकत त्याने आधी विचारलं, "सायबांचं बूट भिजलं नाय ना?" मला स्वतःची किळस आली. ती संध्याकाळपर्यंत टिकली.

संध्याकाळी अहवाल लिहायचा होता. साहेब 'साधने उत्तम' असा शेरा मारून गेले होते. अपघाताचं कारण मी भरलं: 'कामगाराने जॅकेट घातले नव्हते.' खोटं काय त्यात? सहीसाठी कागद गोमाजीला वाचून दाखवला.

"खरंच हाय," तो म्हणाला आणि सही केली. मग तोच हात पुढे केला. "आता तरी द्या."

"कसं देऊ रे? साहेब पुढच्या महिन्यात परत येतायत तपासणीला. अपघात झाला ना!"