टबात भिजवलेली गाणी

न्यूयॉर्कच्या अख्ख्या साउथ ब्रॉंक्समध्ये माझ्याइतकी कडेकोट गुप्तता कोणी पाळली असेल, तर त्यानं पुढे यावं. अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. पार्कातल्या दिव्याच्या खांबातून वीज घेऊन मी दोन रेकॉर्ड प्लेअर लावायचो आणि सगळी गल्ली नाचायला लोटायची. खरी मजा असते ती ड्रमच्या तुकड्यात. गाणारे गप्प बसतात, ड्रमवाला एकटा सुटतो, फार तर आठ सेकंद. तेवढाच तुकडा आलटून पालटून वाजवायचा. पण तो कुठल्या रेकॉर्डवर आहे हे शेजारच्या इमारतीतल्या कॉर्नेलला कळलं, की हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी तीच घेऊन पार्कात हजर. म्हणून आम्ही सगळेच रेकॉर्डींवरची लेबलं भिजवून काढायचो. मी जरा जास्तच शहाणा. आईच्या कपाटातल्या चाळीसच्या चाळीस रेकॉर्डी मी एका दुपारी आंघोळीच्या टबात सोडल्या.

"लायनेल, आत काय चाललंय?" बाबा दार ठोठावत होते.

"आंघोळ."

"दोन तास? कुणाला भेटायला जायचंय?"

त्याच आठवड्यातल्या शनिवारी आईबाबांच्या लग्नाला वीस वर्षं होत होती. इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये दुपारचं जेवण ठरलं. बाबा बस चालवायचे, बहुतेक दिवस दोन दोन पाळ्या. दोघं शेवटचे कधी नाचले होते ते त्यांनाही आठवत नव्हतं. आईनं बाकी काही मागितलं नाही. लग्नात ज्या गाण्यावर नाचलो त्यावर पुन्हा एकदा नाचायचं, बस्स.

"तेवढं गाणं तू लाव," ती म्हणाली. "तुला कळतं ना त्यातलं."

"आई, मी रेकॉर्ड नुसती उजेडात धरून गाणं ओळखतो."

हे खोटं नव्हतं. ड्रमचा तुकडा जिथे असतो तिथल्या रेघा वेगळ्या दिसतात. पण आईचं गाणं संथ, ड्रमचा पत्ताच नाही, म्हणून मी ते कधी धड ऐकलंच नव्हतं. हा प्रकाश माझ्या डोक्यात पडला शनिवारी, बाबा फिकट निळ्या सुटात, कॉलर कोटाबाहेर काढून हॉलच्या मधोमध उभे राहिले तेव्हा. आईचा हात त्यांच्या हातात, पन्नास माणसं गप्प, आणि माझ्यापुढे चाळीस बोडक्या काळ्या चकत्या.

देवाचं नाव घेऊन एक लावली. असा दणदणीत ड्रम सुटला की पोरं टेबलांखालून धावत आली.

"अरे, यांचे गुडघे बघ आणि गाणं लाव," व्हर्नेल मावशी ओरडली.

दुसरी लावली. एका पाद्रीबुवांचं प्रवचन निघालं. "परपुरुषाकडे पाहणाऱ्या स्त्रिये, नरक तुझी वाट पाहतो आहे," बुवा गरजले. बाबांनी हळूच आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" आई म्हणाली.

तिसरीवर एक बाई आपल्या नवऱ्याला सामान उचलून चालतं व्हायला सांगत होती, तेही सुरात. मावशी हसून हसून खुर्चीवरून घसरली. आई मात्र हसत नव्हती. तिनं बाबांचा हात सोडला आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"लेबलं कुठायत?"

"टबात... म्हणजे, गेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकेक रेकॉर्ड उचलून आईनं रेघांवरून बोट फिरवलं. अकराव्या रेकॉर्डवर बोट थांबलं.

"हा चरा. लग्नात माझ्या भावाचा धक्का लागला होता प्लेअरला. लाव."

गाणं सुरू झालं. बाबा इतके हळू नाचत होते, जणू आईच्या हातात भरलेली थाळी आहे. मध्येच सुई चऱ्यावर येऊन उडाली, आणि दोघांनी त्याच क्षणी एक पाऊल गाळून पुढचं टाकलं. वीस वर्षांपूर्वी गाळलं होतं तसंच. मावशी डोळे पुसायला लागली. मीही पुसले, लपवण्यात अर्थ नाही.

गाणं संपलं तसा कोपऱ्यातून कॉर्नेल पुढे आला. त्याच्या आईला आमंत्रण होतं, तिच्याबरोबर हाही जेवायला टपकला होता.

"मिस एर्लीन," तो आईला एकदम साळसूदपणे म्हणाला, "मघाशी पहिली लागली होती, ड्रमवाली, ती कुठली हो?"

मी खोकलो. आईच्या मागून हातवारे केले. आई इतकी खुशीत होती की तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, कंपनी, साल, सगळं सांगितलं. शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात मागच्या खोक्यात अजून दोन पडल्यात, हेही.

"बस इथं, बाकीच्याही सांगते," ती म्हणाली. "लायनेल, याला कागद दे."

कागद दिला. पेन्सिलही माझीच होती.